वीस तासांची वाट

त्या मंगळवारी आईसाठी मऊ पाव घेऊन बेकरीतून परतले, तेव्हा ती उशीला टेकून तास मोजत होती.

"वीस झाले का गं?"

माझा भाऊ स्त्रातिस मेलबर्नला. ग्रीसच्या दक्षिण टोकाला, आमच्या मानीतल्या या गावापासून पंधरा हजार किलोमीटर, अथेन्सहून विमानानं वीस तास. सोमवारी संध्याकाळी त्यानं फोनवर सांगितलं होतं, "विमानात बसतोय, आई." त्या शब्दावर ती तगून होती. आणि हा विमानात बसलाच नव्हता.

"तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं गं," मी मागाहून फोन लावला तेव्हा तो मला म्हणाला. "एवढ्या लांब येऊन मी करणार काय?"

दुपारी दोनला आई गेली. नजर दाराकडेच.

शेजारच्या अर्जिरोमावशीनं तिला आंघोळ घातली आणि पांढरी फीत माझ्या हातात दिली. मेलेल्याचे पाय बांधायचे, पुरताना सोडायचे, ही आमची रीत.

"बांध. नाहीतर चालायला लागतात."

"लागू दे. मुलगा येत नाही, तर हिनंच जावं त्याच्याकडे."

"वास्सो, ऐकतात गं ते..."

मी फीत चुलीत टाकली. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. आई समोर शवपेटीत होती. मेणाचा आणि धुपाचा वास घरभर कोंडला होता.

"वास्सो... आई इथं आलीय."

"प्यायलास का रे?"

"स्वयंपाकघरात बसलीय. बोलत नाही, नुसती बघते... अनवाणी आहे गं. तिला सांग ना, मी येतो म्हणून."

"तूच सांग. तुला सवय आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि फोन बंद पडला.

दुपारी आईला पुरलं. गुरुवारी पहाटे सहाला फाटक वाजलं. अंगणात स्त्रातिस उभा. पायात घरातल्या सपाता, हातात पिशवीसुद्धा नाही.

"आता आलास?" एवढंच म्हटलं आणि त्याच्यापुढे कॉफी आदळली. कुठल्या विमानानं आला, तेही विचारलं नाही.

साडेसातला त्याच्या बायकोचा, लिंडाचा, फोन आला. ती रडत होती.

"कालपासून लावतेय, लागतच नाही. स्त्रातिस गेला गं. स्वयंपाकघरात, खुर्चीतच... सोमवारी पुरायचंय. येशील?"

मी वळून पाहिलं. कॉफीवर साय धरली होती. तो बसला होता.

याला आज नऊ दिवस झाले. तुम्ही आलात तेव्हा मी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं, ते म्हणूनच. मी त्याच्याशी अजून बोलत नाही. मेला म्हणून काय झालं, राग मरत नाही.

काल मात्र तो पहिल्यांदा बोलला. हळूच.

"वास्सो, आई अजून पोचली नाही? माझ्या आधी निघाली होती ती... म्हणाली, आधी तुलाच भेटते."