खांबाच्या सावलीतली रांग

"काढून टाकणार? अख्खं छत?" भोंगा एवढ्या जोरात ओरडला की आत्याच्या हातातली सुई थबकली.

भोंग्याचं हळू बोलणं म्हणजे इतरांची आरोळी. पण आज त्याच्या मैत्रिणीने, मोजपट्टीने, त्याला गप्प केलं नाही. तिलाही ओरडावंसंच वाटत होतं. दिसेल ते मोजत सुटायची खोड म्हणून तिचं नाव मोजपट्टी, आणि सदान्‌कदा तिच्या मागे असणारा धाकटा भाऊ म्हणजे शेपूट. सुट्टीतला त्यांचा मुक्काम आत्याच्या कारखान्यात, हिरव्या कापडाच्या ढिगावर असायचा.

आत्या उन्हाची छतं शिवायची. जाड जाळीचं कापड, मेण लावलेला दोरा, तळहाताला चामड्याचा पट्टा. एकेक टाका असा पक्का की वादळाने खुशाल ओढून पाहावं! शहरातल्या एका बसथांब्यावर तिचं पहिलं छत लागलं होतं. ते जमलं, तर आणखी अकरा थांब्यांना सावली मिळणार होती. आणि आज पालिकेचं हे पत्र: 'छताचा वापर शून्य. शनिवारी काढण्यात येईल.'

"शून्य? एवढ्या उन्हात?" मोजपट्टी म्हणाली.

"तिथले साहेब रोज दुपारी तीनला जातीने मोजतात म्हणे. बाकांवर कुणीच नसतं." आत्याचा आवाज पडला होता. "माझंच काही चुकलं असेल, तर ते कळायला हवं गं. तीच चूक अकरा ठिकाणी शिवायची नाही मला."

आत्याला असं बोलताना मोजपट्टीने कधी ऐकलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. तिने खडूची पेटी खिशात टाकली.

गुरुवारी सकाळी नऊला तिघं थांब्यावर हजर! बाकं गच्च भरलेली. छताखाली मस्त गारवा. मोजपट्टीने सावलीच्या कडेकडेने खडूची रेघ ओढली आणि 'नऊ' असं लिहिलं. मग दर तासाला नवी रेघ. एक वाजल्यावर ऊन मी म्हणू लागलं. सावली बाकांखालून मागे सरकली. दोनला बाकांवर चिटपाखरूही नव्हतं.

"ए, ती बघ रांग!" शेपूट म्हणाला. "पण बस तर इकडून येते ना?"

दिव्याच्या खांबामागे नऊ माणसं एकामागे एक, अंग चोरून उभी होती. सगळ्यांची तोंडं भलतीकडेच.

"काका, कशाची रांग आहे?" भोंग्याने विचारलं.

"कशाची म्हणजे? सावलीची!" पिशवी सावरत शेवटचे काका म्हणाले. "या खांबाची वीतभर सावली पडते. तेवढीच आहे बाबा!"

"मग छताची सावली गेली कुठे?"

मोजपट्टीने थांब्यामागच्या कुंपणाला डोळा लावला. पलीकडे भंगाराचं आवार. तिथे छताची ऐसपैस सावली पसरली होती, आणि तिच्यात तीन कुत्री पाय ताणून घोरत होती!

"आत्याचं छत एकदम झकास चालतंय!" ती हसून म्हणाली. "फक्त कुत्र्यांसाठी!"

मग तिने मान वर केली आणि तिचं हसूच थांबलं. आत्याचा एक नेम होता. छताची जी कड मावळतीला, खाली झुकवायची, तिच्यावर ती लाल टाका घालायची. दुपारचं तिरपं ऊन त्याच कडेने अडतं. इथे लाल टाक्याची कड आखूड खांबांनाच बांधली होती, पण ते खांबच उगवतीला, कुंपणाशी रोवलेले! मावळतीला, रस्त्याकडे, उंच खांब. त्यांच्यावर साहेबांच्या नावाची भलीमोठी पाटी. पाटीखालून ऊन थेट बाकांवर येत होतं.

तीन वाजले आणि साहेबांची गार गाडी आली. काच चार बोटं खाली झाली. आतून एका बोटाने बाकं मोजली, काच वर, गाडी गेली!

"उतरलेसुद्धा नाहीत!" भोंगा खवळला.

"उद्या उतरतील," मोजपट्टी म्हणाली. "तुझा आवाज कामाला येणार आहे."

शुक्रवारी तीनला काच खाली होताच भोंगा गरजला, "साहेब! शाळेच्या भित्तिपत्रकात तुमचा फोटो हवाय! तुमच्या पाटीखाली, बाकावर बसून!"

फोटो म्हटल्यावर साहेब लगेच उतरले. केस सारखे केले, ऐटीत स्टीलच्या बाकावर टेकले आणि...

"आई गं!" साहेब टुणकन उडाले! खांबामागची रांग खो खो हसली. ड्रायव्हरकाकांनी तोंडावर रुमाल धरला.

"साहेब, इथे तीनला कुणी का बसत नाही, ते कळलं का?" मोजपट्टीने शांतपणे विचारलं. मग तिने नऊपासूनच्या रेघा, कुंपणामागची कुत्री आणि लाल टाका दाखवला. "आखूड खांब मावळतीला हवे होते."

साहेबांनी मान वर करून पाटीकडे पाहिलं. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "पाटी ठळक दिसावी म्हणून उंच खांब रस्त्याकडे मीच घ्यायला लावले."

शनिवारी सकाळी छत काढायला आलेल्या माणसांनीच पान्यांनी बोल्ट सोडवून खांबांची अदलाबदल केली. दुपारी तीनला आत्या काम बाजूला ठेवून आली, आणि साहेबही आले. चालत! बाकं भरली होती. खांबामागे कुणी नव्हतं.

"पाटी कुठे लावू?" कामगाराने विचारलं.

"राहू दे ती," साहेब म्हणाले. "बाई, तुमच्या कामाला तोड नाही. आणि ही मुलं माझ्या कचेरीत हवी होती! उरलेले अकरा थांबे तुमचेच. खांब रोवण्याआधी मात्र ही मोजपट्टी फिरवून घेऊ."

ते बोलत असताना कुंपणाखालून तीन कुत्री सरपटत आली आणि बाकाखाली पसरली. आत्या पोट धरून हसली. मग तिने पिशवीतून सुई आणि लाल दोऱ्याची गुंडी काढली आणि मोजपट्टीच्या हातात दिली.

"पुढच्या छताचा लाल टाका तू घालायचास."

हा मान आत्याने आजवर कुणालाच दिला नव्हता. मोजपट्टीने सुई घेतली आणि पटकन डोळे पुसले.

"ताई रडतेय!" शेपूट म्हणाला.

"घाम आहे तो!" मोजपट्टी म्हणाली.

"सावलीत?" भोंग्याने विचारलं, आणि या वेळी मात्र अगदी हळू.