हिरव्या पट्ट्याची लोकर

जावई झाला म्हणून काय झालं, माणसानं थुंकायला जागा बघावी. मोहनरावांनी चालत्या व्हॅनच्या खिडकीतून गुटख्याची पिचकारी मारली, ती वाऱ्यानं उलटली आणि मागच्या खिडकीशी बसलेल्या गोजरबाईंच्या कोऱ्या लुगड्यावर तिचे तांबडे शिंतोडे उडाले. मोहनरावांना त्याचा पत्ताही नव्हता. ते टेपवरच्या गाण्यावर मान डोलवत होते.

दुसरा कुणी असता तर गोजरबाईंनी त्याला गाडी थांबवून धुवायला लावलं असतं. पण जावयाला बोललेलं फिरून लेकीच्या अंगावर येतं. लेक मनिषा वालचंदनगरला क्वार्टरमध्ये नांदत होती. गोजरबाईंनी ओठ आवळले, पदराच्या टोकानं थुंकी पुसली आणि ते टोक शिसारीनं मुठीत धरून बसल्या.

"आजी, आज नक्की पोहायला मिळणार ना?" मनिषाच्या धाकट्यानं, शंभूराजनं विचारलं. थोरली वैष्णवी त्याच्या शेजारी बसली होती. यंदा तो पाचवी पास झाला होता आणि शाळेच्या तलावात पोहायला शिकला होता.

"तुज्या बापाला इचार," गोजरबाई म्हणाल्या.

विचारून काही उपयोग नव्हता. आजोळी आल्या आल्या बापानंच कबूल केलं होतं, की तुम्हाला बगलेत पोहायला नेतो. मग आज पाणी खोल आहे, उद्या ऊन फार आहे, परवा गाडीत पेट्रोल नाही. शेवटी गोजरबाईंनी पहाटे उठून भाकऱ्या बडवल्या, ठेचा केला, आडाचं गार पाणी पितळी तांब्यात भरून वर फडकं बांधलं आणि कुणाला न विचारता स्वतःच व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. सासू गाडीत बसल्यावर जावयाला नाही म्हणता येईना.

बगल म्हणजे उजनी धरणाच्या पाण्याचा एक फाटा. दोन टेकाडांच्या मधे तो असा आत शिरला होता, की तिथं ना वारा पोचत होता ना लाट. मे महिन्यात पाणी मागं सरलं की तिथं बारीक वाळूची पट्टी उघडी पडे. इंदापूरच्या रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाजसुद्धा येत नसे. तिथंच गावातल्या अमजदनं बांबूचे दोन तराफे बांधले होते, एक काठाशी आणि एक आत खोल पाण्यात. तराफ्यांखाली जाळीच्या पिशव्या, पिशव्यांत जिवंत शिंपले. शिंपला जरासा उघडून आत बारीक मणी सरकवायचा आणि दीडेक वर्ष पाण्यात टांगून ठेवायचं, म्हणजे त्यावर मोती धरतो. हे तो शिकून आला होता.

व्हॅनचं दार उघडलं आणि आधी वासच आत शिरला.

साधासुधा वास नव्हता तो. मेलेल्या घुशीवर आंबलेलं ताक ओतावं, वर झाकण ठेवावं आणि उन्हात ठेवून ते उघडावं, असा. गोजरबाईंनी पदर नाकाशी नेला, त्यावरची पिचकारी आठवली आणि दुसरं टोक शोधलं. काठाच्या तराफ्याजवळ वाळूवर शिंपल्यांचा ढीग पडला होता. सगळे आ वासलेले. आतलं करडं मांस सुटून लिबलिबीत लोंबत होतं आणि त्यावर हिरव्या माशा इतक्या बसल्या होत्या, की ढीगच हलतोय असं वाटावं.

"शी! मला भाकरी नको," शंभूराज म्हणाला.

मोहनराव रुमालातून म्हणाले, की म्हणूनच मी येत नव्हतो. सगळी घाण त्या अमजदची. एवढी छान जागा नासवली. आत्ताच्या आत्ता सरपंचांना घेऊन येतो आणि संध्याकाळच्या आत दोन्ही तराफे पाण्याबाहेर काढायला लावतो. एवढं बोलून त्यांनी वाळूत पिचकारी मारली आणि व्हॅन वळवून धुरळा उडवत गेले.

गोजरबाईंना त्या वेळी जावयाचं बोलणं पटलं होतं. शिंपल्यांचं त्यांना पहिल्यापासून वावडं. कवच उघडलं की आत नाक शिंकरल्यागत दिसणारी वस्तू, ती माणसानं जपावी कशाला, असं त्या गावभर बोलायच्या.

अमजदची पोरगी हीना ढिगाशी उकिडवी बसून पाय खाजवत होती. वैष्णवीच्याच वयाची, यंदा आठवीत जाणार. तिच्या घोट्यांपर्यंत लाल चट्टे उठले होते. अमजद आतल्या तराफ्यावर ओणवा होऊन पिशव्या तपासत होता.

"कालपासनं खाजतंय," हीना म्हणाली. "पाण्यात उतरल्यापासनं. तुमी नका उतरू."

वैष्णवीनं विचारलं, सगळेच मेले का? हीना म्हणाली, काठाचे सगळे गेले, आतले अजून जिवंत आहेत. बोट लावलं की मिटून घेतात.

वैष्णवी विचारात पडली. शिंपले नुसते सडले असते तर आतलेही सडायला हवे होते. शंभूराज वास विसरून काठाकाठानं फिरू लागला आणि थोड्या वेळानं त्यानं हाक मारली. पाण्याच्या रेषेवर झिंग्यांचा पांढरा थर पडला होता. बोटाएवढे मासेही होते, पोटं फुगलेले, वाळून कडक झालेले.

"हे तर शिंपल्यांच्या आधी मेलेत," तो म्हणाला. "बघ ना, वाळलेतसुद्धा."

"पाण्यात कुणीतरी काहीतरी टाकलंय," वैष्णवी म्हणाली.

मग तिघं पोरं वाकून किनारा चाळू लागली. गोजरबाई दगडावर बसून माशा वारत होत्या आणि पोरं पाण्याला शिवत नाहीत ना, एवढंच बघत होत्या. काठाला एक सपाट खडक होता. त्याच्यापाशी हीना थांबली. खडकावर पिचकारीचे वाळलेले डाग होते आणि फटीत गुटख्याच्या पुड्या कोंबल्या होत्या, सोनेरी कागदाच्या. गावात तसल्या महागाच्या पुड्या कोण खातं, असं ती म्हणाली. वैष्णवी आणि शंभूराजनं एकमेकांकडं पाहिलं. 

खडकामागच्या वेड्या बाभळीला लोकर अडकली होती. वैष्णवीनं ती काट्यांतून सोडवली आणि आजीसमोर तळहात उघडला. काळ्या लोकरीवर हिरव्या रंगाचा पट्टा होता.

गोजरबाईंचा माशा वारणारा हात थांबला.

मेंढरं एकमेकांत मिसळली तर ओळखता यावीत म्हणून प्रत्येक घर आपल्या मेंढरांना रंगाची खूण करतं. कुणाचा गेरू, कुणाचा निळा. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर हिरवा पट्टा साऱ्या पंचक्रोशीत एकाच घराचा होता. गोजरबाईंच्या.

आता त्यांना सगळं एकामागून एक दिसायला लागलं. गेल्या आठवड्यात मेंढरांना गोचीड झाली होती. दीर गेणू लग्नाला गेला होता. मोहनराव म्हणाले, मामी, तुम्ही पोरांना घेऊन इंदापूरच्या बाजाराला जा, मी करतो. गोचिडाचं औषध फार जहरी. त्याची एक रीत होती. पाण्यापासून लांब माळावर खड्डा खणायचा, त्यात पाणी आणि औषध घालायचं, मेंढरं बुडवून काढायची आणि खड्डा मातीनं बुजवून टाकायचा. बाजाराहून आल्यावर जावयानं सांगितलं, की माळावर खड्डा खणून सगळं रीतसर केलं. गोजरबाईंनी तेव्हा गल्लीभर जावयाचं कौतुक केलं होतं. आणि मेंढरांच्या पोटाला माळाचा तांबडा मुरूम नव्हता, धरणाचा काळा गाळ होता! तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता आणि ध्यानात घेतला नव्हता.

त्यांनी लोकर उचलून पदराच्या गाठीत बांधली.

"घरी बोलू," त्या म्हणाल्या.

"घरी कसं, आजी?" वैष्णवीनं विचारलं. "बाबा सरपंचांना आणायला गेलेत."

"आन मग आमचं आतलं शिंपलं?" हीनानं विचारलं. "उन्हात काढलं तर तेबी मरत्यात. अब्बांनी रातध्याड राखल्यात."

गोजरबाईंची गाठीवरची मूठ सुटेना. घराची खूण गावासमोर उघडी करायची म्हणजे स्वतःचंच नाक कापून घ्यायचं. नाही करायची, तर या पोरीच्या तोंडाकडं रोज बघायचं.

शंभूराज बराच वेळ तांब्याकडं बघत होता. मग त्यानं त्याचं फडकं सोडलं.

"आजी, तू काही बोलू नकोस," तो म्हणाला. "बाबाच बोलतील." आणि त्यानं वैष्णवी आणि हीनाच्या कानात काहीतरी सांगितलं. वैष्णवीनं विचारलं, की आपलेच बाबा आहेत, तुला वाईट नाही वाटणार? तो म्हणाला, वाटतंय, पण मीच केलं पाहिजे. माझ्यावर ते चिडतील, पण खोटं नाही बोलणार.

व्हॅन परत आली. सरपंच मानसिंग उतरले, त्यांच्यामागं गावातली चार माणसं नाकं दाबत उतरली. अमजदही आतून काठावर आला. मोहनराव ढिगाकडं बोट करून बोलू लागले. ही घाण, हे रोगराईचं घर, पोरंबाळं इथं खेळायला येतात. मानसिंगांनी वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि अमजदला म्हणाले, की माझाही इलाज नाही. आजच्या आज तराफे बाहेर काढ.

अमजद काही म्हणणार, इतक्यात शंभूराज पाण्याच्या कडेशी दिसला. त्याच्या हातात भरलेला तांब्या होता.

"बाबा," तो ओरडला, "शिंपले घाण असले तरी पाणी चांगलंच असेल ना? मला तहान लागलीय."

त्यानं तांब्या तोंडाला लावला.

"टाक!" मोहनराव धावले, वाळूत गुडघ्यावर आपटले, उठले. "शंभू, थुंक ते! औषध आहे त्यात, विषारी औषध!"

शंभूराजनं तांब्या खाली घेतला.

"कसलं औषध, बाबा?" वैष्णवीनं हळूच विचारलं.

मोहनरावांनी पोराचं तोंड दोन्ही हातांनी धरलं होतं.  शंभूराज म्हणाला, "घाबरू नका. हे आपल्या आडाचं पाणी आहे. आजीनं घरून आणलंय."

मग सगळं बाहेर आलं. माळ उन्हानं दगड झालेला, कुदळ उडत होती. पाणी वाहून कोण नेणार? बगल जवळ, पाणी निवांत. मेंढरं तिथंच उतरवली, औषधाचा डबा तिथंच ओतला. एवढ्या मोठ्या धरणात एका डब्यानं काय होतंय, असं त्यांना वाटलं होतं.

"निवांत पाणी हाय म्हणूनच म्या हितं शिंपलं लावलं, दाजी," अमजद एवढंच म्हणाला. "निवांत पाण्यात पडल्यालं तितंच ऱ्हातंय."

मानसिंगांनी टोपी काढून पुन्हा घातली. आत्ताच दिलेला हुकूम त्यांनी परत घेतला. बगलेत कुणी उतरायचं नाही, जनावर पाजायचं नाही, अशी दवंडी द्यायला एकाला पिटाळलं, हीनाला डॉक्टरकडं न्यायला दुसऱ्याला सांगितलं आणि आतला तराफा होडीनं ओढून मोठ्या पाण्यात न्यायला बाकीचे लावले. मग पोरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, की आम्ही मोठी माणसं नुसत्या नाकानं न्याय करायला निघालो होतो, तुम्ही डोळे वापरलेत. अमजदनं तिघांना सांगितलं, पहिला मोती धरला की आधी तुम्ही बघायचा.

गोजरबाईंनी शंभूराजच्या हातून तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी घटाघटा प्यायल्या. तोंड पुसलं. मग पदराची गाठ सोडली आणि हिरव्या पट्ट्याची लोकर सगळ्यांदेखत मोहनरावांच्या हातावर ठेवली.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "लुगड्यावर थुकला, गप बसले. लुगडं धुता येतंय. तुमी माज्या मेंढरांच्या अंगानं लोकाच्या पाण्यात जहर कालवलं आन वर त्याच्याच नावानं नाक दाबून बोंब मारली. शिंपल्याची मला किळस येत हुती, आज कळलं किळस कशाला म्हंत्यात. आता ह्यो सगळा ढीग तुमी उचलायचा, एकट्यानं. माळावर न्यायचा आन पुरायचा. खड्डा खणला म्हणून सांगितलं हुतं न्हवं मला? मग खणा. जावई हाय तुमी, तुमचा मान मी ठेवणारच. जुनी कुदळ न्हाय द्यायची, नवी काढून देते."