खंडेनवमीचा पाना

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी उलव्याला गेलो होतो, तो फक्त सुताराला कपाटाची मापं द्यायला. बसा, सांगतो. चहा येतोय तोवर होईल सांगून. तुम्हालाही परत त्याच रस्त्याने जायचंय, म्हणून सांगणं भाग आहे.

तेव्हा नवी गाडी घेऊन दोन महिने झाले होते. नवी म्हणजे आमच्यासाठी नवी. आधीच्या मालकाने ती चार वर्षं वापरलेली. तिचे टायर रन-फ्लॅट होते. म्हणजे पंक्चर झाले तरी खाली बसत नाहीत, टायरची जाड भिंतच गाडीचं वजन पेलते, आणि तुम्ही हळूहळू ऐंशी किलोमीटर चालवत घरी येऊ शकता. म्हणून डिकीत स्टेपनी नसते, जॅक नसतो, पानाही नसतो. हे मी सोसायटीत इतक्या जणांना ऐकवलं होतं की लिफ्टमध्ये मला बघून लोक मोबाइल काढायला लागले होते. बायकोकडून, ज्ञानेश्वरीकडून, तर मी ते पाठच करून घेतलं होतं. हवा कमी झाल्याचा लाल दिवा लागला तरी रस्त्यात उतरायचं नाही, चालवत राहायचं. ती मोरा बंदराच्या अलीकडे एका शाळेत शिकवते. रोज नेरूळहून ये-जा. गाडी घेतली होती ती तिच्यासाठीच.

आईला मात्र त्या रिकाम्या डिकीचं काही पटलं नव्हतं. माझ्या वडिलांनी, हौसेरावांनी, साताऱ्याकडून येऊन वाशीच्या मार्केटात जन्मभर पोती वाहिली. पोत्यात रुतवायचा त्यांचा लोखंडी आकडा दर खंडेनवमीला देव्हाऱ्यापुढे पाटावर बसायचा. वडील गेल्यावर तो आकडा धाकट्या भावाने गावी नेला. आता घरात पुजायला गाडी आली म्हटल्यावर आईने आधी डिकी उघडायला लावली, आत वाकून बघितलं आणि हत्यारं कुठं आहेत म्हणून विचारलं. मी ऐटीत गाडीचं माहितीपुस्तक दाखवलं.

“कागद पुजू व्हय रं?” आई म्हणाली. एक जॅक आणि एक पाना उद्या सकाळच्या आत पाहिजे, असं बजावून ती वर निघून गेली.

शेजाऱ्यांपैकी मागणार कोणाकडे? ज्याच्या त्याच्या गाडीची पूजा त्याच दिवशी. विकत आणायचा आळस आणि थोडा हट्टही. ज्याची गरज नाही ते घ्यायचं कशाला? असा विचार करत मी उलव्याहून परत फिरलो. मोठ्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती, म्हणून खाडीकडच्या जुन्या रस्त्याला गाडी घातली. एका बाजूला बंद पडलेली मिठागरं, दुसऱ्या बाजूला खारफुटी. ओहोटी होती, चिखलाचा कुबट वास काचा लावूनही आत येत होता. घड्याळात पावणेपाच झाले होते.

तिथे रस्त्याच्या कडेला तीन मोठे दगड मांडलेले होते, त्यांच्या मागे एक वाळकी फांदी. चाक बदलताना मागून येणाऱ्याला कळावं म्हणून ड्रायव्हर लोक ठेवतात, तशी. दगडांच्या मधोमध एक जॅक आणि एक पाना पडलेला. गाडी कुठे नव्हती, माणूसही नव्हता. मी हॉर्न वाजवला. उतरून दोन मिनिटं उभा राहिलो. खारफुटीत बगळाही हलत नव्हता. मग मी इकडेतिकडे बघितलं आणि दोन्ही उचलून डिकीत टाकले. पान्याच्या दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती गरम होती, पण उन्हात पडलेलं लोखंड गरमच असणार.

एक गोष्ट मला तेव्हाच सुचायला हवी होती. चाक बसलं की दगड बाजूला करूनच ड्रायव्हर गाडी हलवतो. ते दगड अजून जागच्या जागी होते. म्हणजे तिथलं काम पुरं झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये पूजा झाली. आईने पाना आणि जॅक चिंचेने घासून धुतले, पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग हात जोडून माझ्याकडे बघितलं.

“हत्यार कुनाचं हाय?”

मी म्हटलं, कुणाचं म्हणजे काय?

“धन्याचं नाव घ्याया लागतं. तुझ्या बाचं घेत हुतो तसं. दुसऱ्याचं हत्यार पुजलं, तर त्यो धनी येतो आन ऱ्हायलेलं काम पुरं करून जातो.”

आजूबाजूला चार शेजारी नारळ घेऊन उभे होते. रस्त्यावरून उचललं, असं सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, माझंच आहे, कालच घेतलं. आईने त्या झिजलेल्या पान्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं नाव घेऊन तिने नमस्कार केला.

दसरा झाला. सोमवारपासून ज्ञानेश्वरी शाळेत जायला लागली आणि पहिल्याच दिवशी येताना मागच्या डाव्या चाकाचा लाल दिवा लागला. माझ्या शिकवणीप्रमाणे ती थांबली नाही. घरी येऊन हवा बघितली तर बरोबर. मंगळवारी तेच. वेळही तीच, पावणेपाच. मी गाडी तुर्भ्याला शहाजीच्या गॅरेजमध्ये नेली. शहाजी आमच्याच भागातला, कमी बोलणारा माणूस. त्याने चाक फिरवून बघितलं, खाली बसला आणि मला जवळ बोलावलं. पाचातला एक नट ढिला होता. गाडीच्या पोटाला, जिथे जॅक टेकवतात तिथे, ताजा ओरखडा होता. जॅक कधी लावला होता, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, या गाडीला जॅक कोण लावणार?

गुरुवारी पुन्हा गेलो तेव्हा तीन नट ढिले निघाले. शहाजीने ते कसले, हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाला, “साहेब, कोणीतरी मुद्दाम खोलतंय. वैनींना गाडी देऊ नका.”

मी तडक डिकी उघडली. डिकीत ते दोन्ही होते. हळदकुंकू पुसलं गेलं होतं आणि पान्याच्या तोंडाला काळं ग्रीस लागलं होतं, ताजं. शनिवारी सुट्टी होती. त्या दिवशी जाऊन ते जिथल्या तिथे ठेवायचं, असं मी ठरवलं. शुक्रवारचा एकच दिवस मधे होता, आणि नट शहाजीने नुकतेच कसले होते. ज्ञानेश्वरीला मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाना कुठून आणला तेही सांगावं लागलं असतं. त्या एका लाजेपायी मी तिला त्या गाडीत बसू दिलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शुक्रवारी मी बेलापूरला ऑफिसात होतो. पावणेपाचला तिचा फोन आला.

“अहो, मी थांबलेय,” ती म्हणाली. “तुमचे ऐंशी किलोमीटर राहू देत, चाक हलतंय. आवाज येत होता खडखड.”

मी विचारलं, कुठे?

“जुन्या रस्त्याला. पुढे ट्रॅफिक होतं म्हणून... इथे तीन दगड आहेत बघा, तिथे.”

गाडीत बस, काचा लाव, दारं लॉक कर, असं मी ओरडलो असेन, कारण समोरच्या टेबलावरची शुभदा वळून बघायला लागली. मी जिन्यात गेलो. पलीकडे ज्ञानेश्वरी शांत होती. टेन्शन घेऊ नका म्हणाली, एक काका मदतीला आलेत. खारफुटीतून वर आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेत बिचाऱ्यांचे.

मग तिचा आवाज जरा खाली आला. “अहो, ते म्हणतायत डिकी उघडा... माझं सामान आत हाय.”

मी नको म्हणायच्या आतच फोनमध्ये डिकी उघडल्याचा आवाज आला. मग लोखंडावर लोखंड. मग जॅक फिरायला लागला. कर्र... कर्र... अगदी सावकाश. गाडी वर उचलल्याचा कण्हल्यासारखा आवाज. ज्ञानेश्वरी म्हणाली, मी बाहेर उभी आहे, काका खाली शिरलेत. पाना नटावर बसला आणि वळू लागला. मी कान फोनला दाबून धरला होता. तो नट कसतोय की खोलतोय, हे नुसत्या आवाजावरून कळत नव्हतं. आईचे शब्द मात्र कानात स्पष्ट होते. राहिलेलं काम पुरं करून जातो. आणि त्याचं काय राहिलं होतं? चाक काढायचं. तो काढतच होता, तेव्हा त्याचं जे व्हायचं ते झालं.

पाना थांबला. ज्ञानेश्वरी म्हणाली, काकांना तुमच्याशी बोलायचंय. फोन हातातून हातात गेला. आधी फक्त श्वास ऐकू आला, ओला, पाण्याखालून आल्यासारखा. मग तो बोलला. आवाज म्हाताऱ्याचा नव्हता.

“सायेब... हत्यार कोनाचा हाय?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“खरा सांगा. माजा आसंल तर माजा काम मी पुरा करतो. तुमचा आसंल, तर तुमीच करा.”

मागून ज्ञानेश्वरीचा आवाज येत होता. ती त्याला विचारत होती, काका, मी आत जाऊन बसू का, ऊन लागतंय. बसा ना, असं तो तिला म्हणाला. तीही आत बसायला निघाली. जॅकवर उचललेल्या, नट काढलेल्या गाडीत.

तुम्ही काय म्हणाला असतात? मी विचार केला नाही. पार्किंगमध्ये शेजाऱ्यांसमोर जे लाजेने म्हटलं होतं तेच मी त्या जिन्यात उभं राहून पुन्हा म्हटलं, या वेळी पूर्ण शुद्धीत.

“माझंच आहे.”

पलीकडे मोठा निःश्वास ऐकू आला, खूप दिवसांचं ओझं उतरवून ठेवावं तसा. मग पाना भराभर फिरला, पाच वेळा. जॅक खाली आला. फोन बंद झाला.

ज्ञानेश्वरी सहा वाजता सुखरूप घरी आली. तिला बघून मी पार्किंगमध्येच रडलो, वॉचमनसमोर. ती म्हणाली, एवढं काय झालं, चांगले होते काका. चाक बसवल्यावर त्यांनी तिन्ही दगड स्वतःच्या हाताने उचलून खाडीत टाकले आणि बांधावरून निघून गेले. जाताना मागे वळूनही बघितलं नाही. सामान मात्र डिकीत ठेवायला सांगितलं. धन्याचं धन्याकडे जाऊ द्या, म्हणाले.

शहाजीने पाचही नट तपासले. इतके घट्ट कोणी आवळले, असं तो विचारत राहिला. लाल दिवा पुन्हा कधी लागला नाही. ज्ञानेश्वरी रोज वेळेवर घरी येते. आईला मी सगळं सांगितलं, तेव्हा तिने फक्त माझे दोन्ही तळहात उलटे करून बघितले आणि पदराने पुसले. पाना मी दोनदा खाडीत फेकून आलो. तो डिकीतच असतो. म्हणून तर गाडी विकत नाही. जो घेईल त्याच्या डिकीत तो जाईल, की माझ्या घरातच राहील, कोणास ठाऊक.

गेल्या सोमवारची गोष्ट. मी सकाळपासून टेबलावरून हललो नव्हतो, महिनाअखेरचं काम होतं. शुभदा त्या दिवशी रजेवर होती, नवऱ्याबरोबर उरणला गेली होती. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “विश्वजित, रागावला नाहीत ना? काल तुम्ही हात करत होतात खाडीच्या रस्त्याला, दगडांपाशी. आम्ही बघितलं, पण थांबलो नाही. आमच्या गाडीतही जॅक नाही हो, थांबून काय करणार होतो?”

दगड तर खाडीत गेले होते. मी तिला विचारलं, किती वाजता. तिने सांगितली ती वेळ तुम्हाला आता माहीतच आहे.

घ्या, चहा आला. घ्या पटकन, पावणेपाच व्हायला आलेत, आणि तुम्ही मोठ्या रस्त्यानेच जा, रांग असली तरी. आणि तो टेबलावरचा रुमाल जरा इकडे द्या. नाही, चहा सांडला नाहीये. हात काळे व्हायला लागलेत.