सोमवारचा निरोगी डोळा

चिपळूणच्या नेत्रकेंद्रातल्या, डोळ्याच्या आतले थर टिपणाऱ्या थरवेधक यंत्राने आणखी एक तांबडा डाग दाखवला. उजवा डोळा, मागच्या पडद्याचा बरोबर मध्य. सकाळपासून जो रुग्ण येईल त्याला तिथेच डाग! केंद्रप्रमुख डॉ. बिवलकरांनी सकाळपासूनचे अहवाल पुन्हा चाळले. साथ म्हणावी, तर दृष्टिपटलाची साथ कधी कुणी ऐकली होती? आणि लेझरच्या खोलीबाहेर नलिनी खेडेकर बसल्या होत्या. डावा डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या उजव्यावर, त्याच डागासाठी, थोड्याच वेळात लेझर चालणार होतं.

बिवलकरांनी इंजिनिअर तस्लीम मुकादमला बोलावून घेतलं. तिने यंत्र उघडून पाहिलं.

"सर, यंत्र ठणठणीत आहे."

"मग काय अख्खं गाव आजारी पडलंय?"

"यंत्राला आजार कळतच नाही, सर. तुम्ही दिलेल्या निरोगी डोळ्याशी ते प्रत्येक डोळा थराथराने ताडून बघतं. फरक दिसला की तांबडा डाग, मग तो जास्तीचा असो की कमीचा. निरोगी कोणता, ते तुम्ही ठरवता."

"माझाच देतो की! दर सोमवारी नवी प्रतिमा. आज सकाळीच दिली."

साठीतही चष्मा नाही, याचा बिवलकरांना कोण अभिमान! कंपनीने दिलेली नमुना-प्रतिमा त्यांनी एकदाही वापरली नव्हती. रुग्णांच्या मूळ प्रतिमा स्वतःच्या डोळ्यांनी तपासायची सवय तर केंद्रात सगळ्यांचीच सुटली होती.

तस्लीम जरा चाचरली. "सर, डावा डोळा झाकता का?"

त्यांनी झाकला. समोर तस्लीमचा कोट होता, खांदे होते, चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट ठिपका. गेल्या सोमवारनंतर कधीतरी तो बिघडला होता आणि डावा डोळा निमूटपणे सांभाळून घेत होता. बिवलकर भयंकर घाबरले.

"लेझर रद्द करा!" ते ओरडले. "बाईंचा डोळा चांगला आहे, बिघडलाय तो माझा!"

तस्लीमने विचारलं, "आज कुणाचा उजवा डोळा निरोगी निघाला का, सर?"

"एकाचाच. बाईंच्या यजमानांचा. सोबत आले होते, म्हणून सहज..." बिवलकर दाराकडे वळले. "माझ्या डोळ्याशी काहीच फरक नाही निघाला."

ते बाहेर आले. नलिनीताई पदराने डोळे पुसत होत्या. खेडेकर त्यांचा हात थोपटत होते.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा हो हिला," ते हसून म्हणाले. "माझे डोळे शाबूत आहेत ना? मग आम्हा दोघांना पुरतील की!"

"खेडेकर, जरा डावा डोळा झाकता का?" बिवलकरांनी विचारलं.