मनकवडा कप

सहाव्या दिवशी सकाळी हेमांगीबाईंना चांगली कॉफी मिळाली.

पहिला घोट घेऊन त्या थांबल्या. मग दुसरा घेतला आणि समोरच्या निळ्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "आज जमली बाई एकदाची."

"देव पावला," शेजारच्या खुर्चीतून शिरीषराव म्हणाले. "आता कॅप्टनला कळवायला हरकत नाही. सगळ्या जहाजाला काळजी लागली होती."

"चेष्टा करा. पाच दिवस पातेलं विसळलेलं पाणी प्यायलेय मी."

मोकाशी पती-पत्नी कऱ्हाडचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यांच्या लेकीने, केतकीने, त्यांना या सफरीवर पाठवलं होतं. मुंबईहून लक्षद्वीप, तिथून मालदीव आणि परत, असे दहा दिवस. जहाजावर सगळं होतं. पोहायचा तलाव होता, गाण्याचे कार्यक्रम होते, चौदा प्रकारचे पाव होते. हेमांगीबाईंना हवी होती फक्त घरच्यासारखी कॉफी. दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली. पहिल्या दिवशी त्यांनी दुधाला दोष दिला, दुसऱ्या दिवशी कॉफीच्या पुडीला आणि तिसऱ्या दिवशी पाण्याला.

पाण्याबाबत त्या अगदीच चुकीच्या नव्हत्या. जहाजावर समुद्राचंच पाणी गाळून गोड करतात. गाळताना मिठाबरोबर इतर क्षारही निघून जातात, आणि पाण्यात थोडे क्षार असल्याशिवाय कॉफीच्या पुडीतली चव नीट उतरत नाही. कॉफीचा कट्टा सांभाळणाऱ्या फिलोमिना घोन्साल्विस यांनी त्यांना हे समजावून सांगितलं होतं. या बाई वसईच्या, वय पंचेचाळीसच्या आसपास, अर्धं आयुष्य जहाजांवर काढलेलं.

"म्हणून आम्ही ते क्षार मोजून परत घालतो, काकू. पाण्याचा दोष नाही. तुम्ही कपाला जरा वेळ द्या. तो शिकतोय."

हा कप म्हणजे या जहाजाचं मोठं आकर्षण. कंपनीने त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण मराठी प्रवासी त्याला मनकवडा म्हणायचे. दिसायला साधा पांढरा कप. प्रत्येक प्रवाशाचा वेगळा, बुडाशी त्याच्या नावाची पट्टी. त्याच्या काठावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक थर होता. घोट घेताना ओठ किती सैल होतात, लाळ किती सुटते, हे त्या थराला कळायचं. कपाच्या कानाला धरलेल्या बोटांतली नाडी तो कान मोजायचा. घोट गिळल्यावर माणूस नाकाने जो श्वास सोडतो, तो काठाजवळची बारीक छिद्रं हुंगून घ्यायची. एवढ्यावरून प्यायलेलं आवडलं की नाही याचा अंदाज बांधून कप कट्ट्यावरच्या यंत्राला कळवायचा: उद्या थोडी अजून कडक, किंवा साखर अर्धा चमचा कमी. तोंडाने विचारलं की माणसं भिडेखातर छान म्हणतात. म्हणून कप विचारत नसे.

"उडते मासे बघा," असं म्हणत हेमांगीबाई उठून कठड्यापाशी गेल्या.

शिरीषरावांचा कप रिकामा झाला होता. घरी सकाळी दीड कप कॉफी व्हायची आणि ती दोघांत फिरायची. त्याच सवयीने त्यांनी बायकोचा कप उचलला आणि उरलेली कॉफी तोंडात घेतली.

तो काढा होता. जायफळाचा कडवटपणा जिभेवर पसरला आणि जिभेचं टोक बधिर झालं. त्यांनी कसाबसा तो घोट गिळला.

"छान आहे ना?" हेमांगीबाईंनी वळून विचारलं.

"छान आहे," ते म्हणाले.

हे त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. लहानपणी आईने शिकवलेलं होतं: पानात पडेल ते खायचं, अन्नाला नावं ठेवायची नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. लोक हेमांगीबाईंचा हेवा करायचे.

न्याहारीनंतर हेमांगीबाई खोलीत फोनवर केतकीशी बोलत बसल्या, तेव्हा शिरीषराव तो कप घेऊन कट्ट्यावर गेले.

"फिलोमिनाबाई, या कपाचं काहीतरी बिघडलंय. हिला औषधासारखी कॉफी देतोय."

फिलोमिनांनी पट्टीवरचं नाव वाचलं, समोरच्या पडद्यावर आकडे काढले आणि बराच वेळ ते बघत राहिल्या.

"पहिल्या दिवसापेक्षा कॉफी तिप्पट झालीय," त्या म्हणाल्या. "जायफळ सातपट. याच्यावर यंत्र जाणार नाही, आरोग्याची मर्यादा आहे."

"म्हणजे बिघडलंयच."

"बिघडलं असतं तर बरं झालं असतं, काका." त्यांनी एका डबीतून चिमूटभर जिरं काढलं. "नाक घट्ट दाबा आणि हे चावा."

शिरीषरावांनी नाक दाबून जिरं चावलं. दाताखाली नुसता भुसा आला.

"आता नाक सोडा."

नाक सोडताच जिऱ्याची चव तोंडभर झाली. ते लहान मुलासारखे चकित झाले.

"जिभेला पाच-सहा गोष्टीच कळतात. गोड, खारट, आंबट, कडू, अशा. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो वास असतो. घास गिळला की तो घशामागून नाकात चढतो. काकूंच्या श्वासात जायफळाचा वास आहे, कपाने तो मोजलाय. पण त्यांचे ओठ, नाडी, काहीच हलत नाही. वास नाकापर्यंत जातोय आणि त्यांना कळत नाहीये. कप वाढवत गेला. शेवटी जायफळ इतकं झालं की जिभेलाच झोंबलं. आज त्यांना जी आवडली ती कॉफीची चव नाही, नुसती तिची धार आहे."

शिरीषराव स्टुलावर बसले. कऱ्हाडला हेमांगीबाईंचा गोड्या मसाल्याचा कारखाना होता, नऊ बायका कामाला. धणे कधी उतरवायचे ते घड्याळाला विचारायचं नाही, नाकाला विचारायचं, असं त्या म्हणायच्या. तीस वर्षं तो मसाला त्या नाकावर उभा होता.

"कशाने होतं असं?"

"मी डॉक्टर नाही. जुनी सर्दी असेल, वय असेल. कधी कधी मेंदूचा एखादा सावकाश आजार असतो. विसरण्याचा, किंवा हात थरथरण्याचा. त्यात वास सगळ्यात आधी जातो. पूर्वी कळून उपयोग नव्हता. आता औषधं आलीत, आजार जागच्या जागी धरून ठेवणारी. पण लवकर कळलं तरच. जहाजावर डॉक्टर आहेत, संध्याकाळी चारला भेटतात."

"हे तिला तुम्ही सांगायला हवं होतं."

"आम्हाला परवानगी नाही, काका. कप समाधानासाठी बनवलाय, तपासणीसाठी नाही. ज्याचा कप त्याने मागितले तरच आकडे द्यायचे. मुंबईला उतरलात की ते पुसले जातात. तुम्हाला सांगितलं तेही नियमाबाहेरच." त्यांनी पडदा बंद केला. "पण सहा वर्षांत दुसऱ्याच्या कपातलं पिऊन इथे आलेलं कुणी मी पाहिलं नव्हतं. असे आकडे मात्र याआधी दोनदा पाहिलेत. दोन्ही वेळा मी गप्प राहिले."

"कधीपासून असेल हे?"

"कपाची आणि काकूंची ओळख सहा दिवसांची. त्याला कसं माहीत असणार? तुम्ही आठवून बघा."

आठवायला फार वेळ लागला नाही. दिवाळीच्या चिवड्यात शेंगदाणे काळे पडले होते. संक्रांतीला गूळपोळी करपली होती. एकदा दूध उतू जाऊन घरभर धूर झाला, आणि हेमांगीबाई दारापाशी बसून शेंगा सोलत होत्या. ते पातेलं शिरीषरावांनीच गुपचूप घासून ठेवलं. पुण्याच्या एका दुकानदाराने वीस किलो मसाला परत पाठवला, तेव्हा हेमांगीबाई म्हणाल्या होत्या, लोकांच्या जिभा बिघडल्यात. शिरीषरावांनी तेव्हाही मान हलवली होती. त्यांनी सगळं खाल्लं होतं आणि सगळ्याला छान म्हटलं होतं.

जेवणाआधी त्यांनी हेमांगीबाईंना कट्ट्यापाशी आणलं.

"हेमा, सकाळची तुझी कॉफी कडू होती. विषासारखी."

त्या हसल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा नाव ठेवलंत, आणि तेही दुसऱ्याच्या हातच्या कॉफीला."

मग शिरीषरावांनी सगळं सांगितलं, जिऱ्यापासून आकड्यांपर्यंत. नीट सांगता आलं नाही. मधेच थांबायचे, पुन्हा मागे जायचे. हेमांगीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फिलोमिनांकडे वळल्या.

"तीन वाट्या द्या. एकीत कॉफी, एकीत वेलची, एकीत जायफळ. सगळ्याची पूड. कुठल्या वाटीत काय ते मला सांगू नका."

नव्या बाईला कामावर घेताना त्या अशीच परीक्षा घ्यायच्या. त्यांनी स्वतःच रुमालाने डोळे बांधले. पहिली वाटी दोनदा हुंगली. "वेलची," त्या म्हणाल्या. ती कॉफी होती. दुसरीला बराच वेळ घेतला आणि म्हणाल्या, "ही कॉफी असावी." ती वेलची होती. तिसरी वाटी त्यांनी नाकाशी धरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"ही रिकामीच दिली होय? फसवता मला?"

त्यांनी रुमाल सोडला आणि वाटीतल्या जायफळाच्या पुडीकडे त्या बघत राहिल्या. बोट बुडवून त्यांनी ती दोन बोटांत चोळली, जणू हाताला तरी ओळख पटेल.

"कधीपासून?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"दिवाळीपासून असेल. चिवड्यातले शेंगदाणे…"

"म्हणजे पाच महिने. आणि तुम्ही बोलला नाहीत."

"अन्नाला नावं ठेवायची नाहीत, असं आई…"

"सासूबाईंचं मला माहीत आहे. पण मी अन्न नाही हो." त्यांचा आवाज चढला नाही. "त्या दुकानदाराला मी फोनवर काय काय बोलले. तुम्ही शेजारी उभे होतात. एकदा तरी म्हणायचं होतंत, हेमा, करपलंय."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. दोन दिवस बोलले नसते. मग डॉक्टरकडे गेले असते." त्यांनी कट्ट्यावरच्या आपल्या कपाकडे बोट दाखवलं. "आणि हा एक शहाणा. यालाही कळलं होतं. हा बसला जायफळ वाढवत. तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी."

शिरीषरावांनी बायकोचा हात धरला. हेमांगीबाईंनी तो काढून घेतला नाही.

"फिलोमिनाबाई," त्या म्हणाल्या, "माझे आकडे मला कागदावर द्या. मी मागतेय. चारला डॉक्टरांना दाखवू. आणि एक पातेलं द्या, साधं. शेगडी असेल ना?"

"काकू, मी करून देते की."

"नको. माझी मला करू दे."

फिलोमिनांनी मागच्या बाजूची विजेची शेगडी, एक पातेलं, अख्खं जायफळ आणि बारीक किसणी आणून दिली. हेमांगीबाईंनी दूध ठेवलं. एरवी त्या पाठमोऱ्या राहूनही दुधाची वेळ ओळखायच्या. आज त्या पातेल्यावर वाकून उभ्या होत्या आणि कडेचे बुडबुडे बघत होत्या. कॉफी घातली, साखर घातली. मग जायफळ हातात घेतलं आणि थांबल्या. किसणीवरून एकदा फिरवलं, जरासंच, आणि भीती वाटल्यासारखा हात मागे घेतला.

त्यांनी साध्या काचेच्या पेल्यात कॉफी ओतली आणि नवऱ्यापुढे धरली.

"कशी झालीय?"

शिरीषरावांनी घोट घेतला. 'छान' हा शब्द जिभेवर आलेला होता. तो त्यांनी गिळला. आयुष्यात इतकं जड काही त्यांनी गिळलं नव्हतं.

"दूध खाली लागलंय थोडं," ते म्हणाले. "आणि जायफळ कमी आहे."

हेमांगीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "नक्की कमी? की माझी समजूत घालताय?"

"कमी आहे, हेमा. नावालासुद्धा लागत नाहीये."

त्यांनी पुन्हा जायफळ उचललं, किसणी पेल्यावर धरली आणि अगदी हळू किसायला सुरुवात केली. तपकिरी पूड फेसावर पडू लागली. त्यांची नजर कॉफीकडे नव्हती, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे होती.

"आता तुम्ही सांगायचं," त्या म्हणाल्या. "कुठे थांबू?"