दरवाजा नसलेला गड

बसवंत अण्णा, ताडपत्रीचं ते टोक जरा धरा. शेजारी म्हणून तुम्हालाच हाक मारली. आकाशकंदिलाचा उजेड पुरे, दुसरा दिवा नको.

तसं निमित्त साधंच होतं. दिवाळीसाठी मी इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारातून मातीचे सैनिक आणले. तुम्ही बेळगावचे, तुमच्याकडेही किल्ले होतात. इथे कानडी मुलखातही, बनशंकरीतल्या या गच्चीवर माझ्या आजोबांपासून होतोय. यंदा माझ्या संहिताने एकटीने बांधला. उंच, सरळ कडा, आणि दरवाजाच नाही.

"दरवाजा असला की कुणीतरी फितूर होतं, अप्पा," म्हणाली.

ती किल्लेदार, मी वेढा घालणारा, नियम सगळे तिचे. गडावर जादूगार, त्यांना अन्न लागत नाही. माझ्या शिड्या कड्याला पुरेनात. उडते घोडे मंतरलेल्या वाऱ्यात कोसळायचे आणि उपासमार व्हायची ती माझ्याच छावणीत. शेवटचा नियम तिने हसत सांगितला. "गड पडला की किल्लेदार मेला. सरी? कबूल?"

"सरी," मीही हसलो.

पण पोरीकडून रोज हरायचं म्हणजे काय! भाऊबीजेला चिडून मी गडावरचं पाण्याचं टाकं ओल्या मातीने गच्च बुजवलं. संहिताने फक्त गळ्यावर हात ठेवला.

तेव्हापासून तिच्या घशाखाली पाणी उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, घसा साफ आहे. सलाईनची सुई शिरेत जाते, पण थेंब पुढे सरकत नाही. माझी बायको राजलक्ष्मी चमच्याने पाजते. पाणी ओठांवरून परत येतं... आणि त्याला मातीचा वास येतो.

मी वेढा उठवला. सगळे सैनिक डब्यात घालून झाकण दोरीने बांधलं. सकाळी ते पुन्हा गडाभोवती होते, आधीपेक्षा जवळ. मग टाकं उकरायला गेलो. बोट लावताच कड्याला भेग पडली आणि खाली खोलीत संहिता किंचाळली. मी हात काढून घेतला. पुन्हा लावायची माझी छाती नाही, अण्णा.

आणि आता हे आभाळ भरून आलंय. मातीचा गड, उघडी गच्ची. पाऊस लागला तर तासाभरात सगळं विरघळेल.

मघाशी राजलक्ष्मी जिन्यात येऊन उभी राहिली.

"अहो... ती पाऊस मागतेय."

"काय म्हणाली?"

"अप्पांना सांग, पडू दे... स्वल्प तरी."

मी काय करू, सांगा ना! पाऊस आला तर ती जाईल, नाही आला तरी जाईल. मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून हे टोक धरून बसलोय.

वाजला बघा थेंब. घट्ट धरा... आणि त्या फटीतून जरा आत बघा. उंच बुरुजावर संहिताने बसवलेला किल्लेदार. आणला तेव्हा त्याचं तोंड मिटलेलं होतं, मी स्वतः निवडून घेतलाय. आता ते आभाळाकडे उघडं आहे.

आणि आत लाल, कोरडी जीभ आहे. साच्यातल्या मूर्तीला जीभ नसते हो.