डबीवाली आणि कंपनीचा माणूस

"अरे पडेल, तूच पड एकदाचा!"

फोनकडे बघत ठिणगी हे इतक्या जोरात बोलली, की कॉफीच्या काउंटरपाशी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला कप खरोखरच निसटला. कॉफी थेट त्याच्या बुटांवर.

"अय्या... तुम्हाला नाही हो म्हटलं!" ठिणगी ओशाळली. पर्समधला रुमाल काढून तिनं पुढे केला. "हा एक इसम आहे ना—"

"कोण?"

"पडेल. इंटरनेटवर स्वतःसाठी हेच नाव घेतलंय त्यानं. उठता-बसता एकच जप, डबी चालणार नाही, खप घसरतोय, कंपनी गाशा गुंडाळणार. एकदा समोर भेटू दे, कॉफी ओतते की नाही बघा अंगावर!"

त्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं. "सुरुवात झालीच आहे म्हणायची," तो हळूच म्हणाला.

ठिणगी खळखळून हसली. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता, त्याचे थेंब त्याच्या केसांवर तसेच होते. डोळे मात्र दमलेले... रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसासारखे. ती आपल्या कामाला निघाली, पण जिन्यात तिच्या लक्षात आलं, रुमाल त्याच्याकडेच राहिला.

ती काम करायची त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. टीव्ही आणि फ्रिजच्या रांगांच्या शेवटी, खिडकीपाशी एक छोटा काउंटर होता. तिथे फक्त डबी मिळायची. डबी म्हणजे हातात धरून खेळायचं, मिटून ठेवता येणारं गेमिंगचं यंत्र. कंपनीनं त्याला आकडे जोडून काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण दोन तळव्यांत मावणाऱ्या त्या वस्तूला चाहत्यांनी डबी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. चाहत्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. त्यावर ठिणगी हे टोपणनाव तिनं घेतलं होतं. पुढे दुकानातही तेच रुळलं, आणि रागावली की आईसुद्धा तशीच हाक मारायची.

थोड्या वेळानं काउंटरवर कुणीतरी तिचा रुमाल ठेवला. नीट घडी घालून.

तोच माणूस. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

"मी कंपनीकडून आलोय. दुकानांना भेटी देतो, माल किती गेला, किती पडून आहे ते बघतो."

"म्हणजे तुम्ही कंपनी!"

"एकट्या माणसाला कंपनी म्हणतात का?"

"मग बघा कुणीतरी सोबतीला," ठिणगी बोलून गेली, आणि कानाच्या पाळ्या तापल्या तशी उगाच खोकी रचायला लागली.

त्या दिवसापासून तो 'कंपनी' झाला.

खरं तर त्याची फेरी महिन्यातून एकदा व्हायची. पण कंपनी दर शनिवारी येऊ लागला, कारण शनिवारी काउंटरवर चाहते जमायचे. निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर यायचे, ते डबीवर फक्त मासे पकडायचा गेम खेळत आणि एखादा मोठा मासा सुटला की पोरासारखे हळहळत. कॉलेजात जाणाऱ्या दोघी जुळ्या यायच्या, त्यांचं जगात कुठल्याच गेमवरून एकमत होत नसे. नवा गेम आला की तो चांगला की टुकार यावर तासभर हमरीतुमरी व्हायची, आणि मग विषय हमखास खपावर यायचा.

"या आठवड्यात पण आपण दुसऱ्या नंबरवर," एक जुळी म्हणायची.

"एकूण दोनच तर आहेत बाजारात!" दुसरी कपाळाला हात लावायची.

"नद्या उन्हाळ्यात आटतात, बाळांनो," मास्तर म्हणायचे. "म्हणून त्या मेल्या असं कुणी म्हणत नाही."

"ऐकलंस, कंपनी? सांग की काहीतरी! तुझ्याइतकं आतलं कुणाला माहीत आहे?" ठिणगी त्याला कोपरानं ढोसायची. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"आतलं सांगायला बंदी आहे," तो म्हणायचा, आणि खिडकीबाहेर बघायचा.

सगळे गेले की ते दोघं एक गेम खेळत. त्यात दोन गिर्यारोहक एकाच दोरीनं बांधलेले असत. कंपनी दर वेळी कड्यावरून घसरायचा.

"तू मुद्दाम पडतोस."

"तू वर ओढतेस ना, ते बघायला आवडतं."

"बघायला... की ओढून घ्यायला?"

तो लाल व्हायचा. डबीच्या उजेडात ते स्पष्ट दिसायचं, आणि ठिणगी मुद्दाम तो उजेड त्याच्या तोंडाजवळ न्यायची.

कट्ट्यावर मात्र पडेलचा ताप वाढत होता. त्यानं लिहिलं, 'गोदामं परत आलेल्या मालानं भरली आहेत. नवे गेम बनवणाऱ्यांनी हात आखडता घेतलाय. ज्यांनी डबीवर पोट अवलंबून ठेवलंय, त्यांनी वेळीच दुसरी वाट धरावी. पाया पडून सांगतो.'

ठिणगीचं डोकंच फिरलं. तिनं असं काही खरमरीत उत्तर दिलं, की सगळा कट्टा तिच्यामागे उभा राहिला. पडेलला पळपुटा म्हणून झालं, विकला गेलेला म्हणून झालं, शेवटी कट्टा चालवणाऱ्यांनी त्याला काढूनच टाकलं.

"घालवला एकदाचा!" शनिवारी तिनं कंपनीला विजयानं सांगितलं. "माझ्यामुळे गेला!"

तो डबीची काच पुसत होता. बराच वेळ पुसत राहिला. "बरं केलंस," म्हणाला. आवाज इतका कोरडा, की तिनं विचारलं, "बरं नाही का वाटत?"

"नाही... होईल बरं."

त्याच सुमाराला दोन गोष्टी एकदम आल्या. ठिणगीची आई इस्पितळात वॉर्डातली सिस्टर होती. तिथल्या एक्स-रे विभागात शिकाऊ म्हणून ठिणगीला घ्यावं यासाठी तिनं वरिष्ठांच्या किती मिनतवाऱ्या केल्या होत्या! ती जागा अखेर मिळाली. शिकता शिकता काम, आणि पुढे कायमची नोकरी. आणि इकडे दुकानाचे मालक म्हणाले, खाली रस्त्यावर फक्त डबीचं वेगळं दुकान काढायचा विचार आहे, तू सांभाळशील का?

जेवणाच्या सुट्टीत ती कंपनीला इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेली. आभाळ भरून आलं होतं. वारा तिच्या ओढणीशी झोंबत होता.

"सांग, काय करू?"

तो कठड्यापाशी जाऊन खाली रस्त्याकडे बघू लागला.

"अरे, बोल ना! तू म्हणशील तसं करते. खरंच."

"ठिणगी..." त्यानं तोंड उघडलं. मग कठडा घट्ट धरला. "आईचं ऐक."

"का?"

"आई आहे म्हणून."

"हे काय उत्तर झालं? पडेलसारखा रडका सूर लावू नकोस हं! डबी बुडणार आहे का? बुडणार असेल तर सांग, आत्ता जाते इस्पितळात."

कंपनी तिच्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले... आणि शब्दाऐवजी त्याचा हात पुढे आला. त्यानं तिचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. गार पडलेला हात. ठिणगीला वाटलं, मिळालं उत्तर. याहून स्पष्ट माणूस काय बोलणार? तिनं डोळे मिटून घेतले. त्या क्षणी तिनं त्याच्याकडे पाहिलं असतं, तर त्याचा चेहरा किती कासावीस झालाय ते तिला दिसलं असतं.

तिनं एक्स-रेची जागा नाकारली.

संध्याकाळी आई ड्यूटीवरून आली, सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून बसली. ठिणगीनं सांगितल्यावर ती ओरडली नाही. पाणी निवेपर्यंत तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "तुझ्या खेळण्यावर राग नाही गं माझा. तुझ्या डोळ्यांत जे दिसतंय ना, त्याची धास्ती वाटते. कोण आहे तो?"

"चांगला आहे, आई."

"असेल. चांगली माणसंच घात करतात, वाईटांपासून आपण जपून असतो."

बातमी आली ती एका लख्ख उन्हाच्या दुपारी. डबी बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं, डबीचं उत्पादन बंद, नवे गेम बंद, उरलेला माल मिळेल त्या भावात काढून टाकावा. मालकांनी नव्या दुकानाचा विषय पुन्हा काढलाच नाही. काउंटरवर 'शेवटचा सेल'चा लाल फलक लागला, आणि मग जे झालं ते बघून ठिणगीला हसावं की रडावं कळेना. दुकानात रीघ लागली! ज्यांनी आजवर डबीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते दोन-दोन खोकी बगलेत मारून चालले होते.

"या आठवड्यात आपण पहिल्या नंबरवर येणार," एक जुळी म्हणाली आणि हुंदका आवरता न येऊन बहिणीच्या खांद्यावर कोसळली. या एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत झालं होतं. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. डबी उघडायची, मिटायची, एवढंच त्यांचं चाललं होतं.

गर्दी ओसरली, फळ्या रिकाम्या झाल्या. तेव्हा कंपनी आला. हातात स्क्रू-ड्रायव्हर. काउंटरवरची डबीच्या नावाची मोठी पाटी उतरवून न्यायची होती, तेही त्याचंच काम.

"तुला माहीत होतं," ठिणगी म्हणाली. ती विचारत नव्हती.

"हो."

"गच्चीवर होतो तेव्हा?"

"त्याच्या कितीतरी आधीपासून."

ठिणगीचा आवाज फुटला. "आणि तू एक शब्द काढला नाहीस? मी हात जोडून विचारत होते!"

"काढला होता." तो पाटीकडे बघत बोलत होता. "रोज काढत होतो. कट्ट्यावर. तोंडानं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून नाव बदलून सांगत होतो. तू मला तिथून हाकललंस."

तिला कट्ट्यावरची ती ओळ आठवली. पाया पडून सांगतो, असं लिहिलं होतं त्यानं. पोट अवलंबून असलेल्यांनी वेळीच दुसरी वाट धरावी... ते सगळ्या जगासाठी नव्हतंच. ते तिच्यासाठी होतं.

"तो... तू?"

"मी."

"मग गच्चीवर का नाही बोललास? तिथे कोण होतं ऐकायला? मी आणि तू!"

"बोलणार होतो. शपथ. पण तू माझ्याकडे अशी बघत होतीस, की पडेल मीच आहे हे सांगितलं तर ते बघणं संपेल असं वाटलं. वाटलं, एकच दिवस आणखी..." त्यानं मान खाली घातली. "प्रेम आहे माझं तुझ्यावर. हे आज बोलायची लाजच वाटते, पण आहे."

किती शनिवार तिनं या वाक्याची वाट पाहिली होती! मनात कितीदा आपलं उत्तर घोळवलं होतं, त्यात लाजणं होतं, एखादी कोपरखळी होती. आता ते वाक्य आलं, तर तिच्याजवळ त्यातलं काही उरलं नव्हतं.

"माझंही आहे," ती म्हणाली. "म्हणून तर सहन होत नाहीये. दुसऱ्या कुणी फसवलं असतं ना, तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते."

"मला दुसऱ्या शहरात पाठवतायत. उद्याच निघायचंय. तू... येशील?"

"तुझा हात धरून एकदा विश्वास टाकला रे मी. आता तुझा हात धरला, की मनात पहिला प्रश्न हाच येईल, हा आत्ता कुठला शब्द गिळतोय?" तिनं डोळे पुसले. "असा संसार करता येतो का कुणाला?"

तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाटीकडे वळला. एका बाजूचा स्क्रू निघेना, तेव्हा तिनंच पुढे होऊन पाटी धरली. दोघांनी मिळून ती जिन्यानं खाली नेली, टेम्पोत आडवी ठेवली. वळताना त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला, आणि क्षणभर दोघंही तसेच थांबले... मग टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

एक्स-रेच्या जागेवर तोवर दुसरी मुलगी रुजू झाली होती. आई स्वतः जाऊन विचारून आली. आल्यावर तिनं ठिणगीचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत राहिली.

दुकानात ठिणगीला केस वाळवायच्या यंत्रांवर बसवलं. तीच खिडकी, तीच जागा. मास्तर आणि जुळ्या सवयीनं दोन-तीन शनिवार आले, यंत्रांची बटणं दाबून गेले. मग येईनासे झाले.

कंपनीचा फोन आला तो थंडी सुरू झाल्यावर, जेवणाच्या सुट्टीत. तिनं नंबर ओळखला आणि तरी उचलला.

"कशी आहेस?"

"गरम हवा विकते. तू?"

"इथेही एक काउंटर होता, दुसऱ्या एका वस्तूचा. तोही बंद करायचा होता." तो जरा थांबला. "तिथल्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तोंडावर."

ठिणगीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग?"

"खूप चिडली. माझ्याशी बोलली नाही नंतर. पण दुसरी नोकरी बघितली तिनं, वेळेत. मी सांगितल्याचं वरपर्यंत गेलं, मला काढलं."

"नोकरी गेली तुझी?"

"हो."

ओळख ना पाळख, त्या मुलीचा तिला हेवा वाटला. जळजळीत हेवा. आणि या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली, की तिला काउंटरची कड धरावी लागली.

"नशीबवान आहे पोरगी," ती म्हणाली.

"ठिणगी... मी येऊ का तिकडे?"

खिडकीबाहेर ऊन होतं, माणसं होती, सगळं आपापल्या जागी होतं. ये म्हणायला किती वेळ लागतो? तिनं ओठ उघडले. आणि गच्चीवरचा तो गार हात आठवला, आईचे सुजलेले पाय आठवले.

"नको," ती म्हणाली. "माझं मन अजून तुझ्यावर आहे, म्हणून नको."

पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. तो काही मागत नव्हता, रडत होता बहुतेक.

"ठेवू?" खूप वेळानं त्यानं विचारलं.

"ठेव."

"तू ठेव आधी. मला नाही जमणार."

प्रेमात पडलेली माणसं या वाक्यावर तास न् तास घालवतात, तू ठेव, नाही तू ठेव... तिलाही कधीतरी तसं करायचं होतं.

तिनं ठेवला.